बॅटऱ्यांची खोली

थंडी पडली की तळ्याकाठचा धंदा बंद व्हायचा. फिरायला माणसं येईनाशी व्हायची, सकाळी रस्त्यावर बर्फ दिसायला लागायचं. मग भाड्याने द्यायच्या इलेक्ट्रिक सायकली पत्र्याच्या शेडमध्ये साखळीने बांधून ठेवायच्या आणि त्यांच्या बॅटऱ्या तेवढ्या काढून आणायच्या. शेडमधल्या गारठ्यात त्या टिकत नाहीत, आणि हीटरच्या उबेलाही नाही. त्यांना कोरडी, जराशी गार जागा लागते. गेल्या वर्षापर्यंत एका ओळखीच्या दुकानदाराच्या गोदामात त्यांची सोय व्हायची. यंदा ते गोदाम विकलं गेलं. घरात तशी खोली एकच होती, मागच्या बाजूची, सासूबाईंची.

सासूबाईंनी कुरकुर केली नाही. त्यांचा पलंग सुनेच्या खोलीत आला, आणि त्यांच्या खोलीत भिंतीला लावलेल्या लोखंडी मांडणीवर बॅटऱ्या ओळीने बसल्या. सायकलींचा धंदा त्यांच्या मुलाचा. तो हिवाळ्यापुरता दूरच्या शहरात एका हॉटेलात कामाला निघाला होता. जाताना त्याने बायकोला सगळं बजावून सांगितलं. बॅटरी निम्मी भरलेली ठेवायची. गच्च भरायची नाही, पार उतरूही द्यायची नाही. महिन्यातून एकदा बटण दाबून चार्जिंग दाखवणारे दिवे बघायचे, कमी दिसले तर थोडं चार्जिंग करायचं, आणि चार्जर लावून घराबाहेर जायचं नाही. आई शेजारीच उभी राहून ऐकत होती.

सून हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. ओल्या चादरी उपसून उपसून संध्याकाळपर्यंत तिचे दंड भरून यायचे. घरी आल्यावर चप्पल काढायचासुद्धा कंटाळा यायचा. एवढी वर्षं एका घरात राहूनही त्या दोघींचं बोलणं कामापुरतंच असायचं, आणि आता एका खोलीत झोपायची वेळ आली होती. सासूबाईंना खोकला होता. सुनेला कूस बदलत राहायची सवय होती. दोघींचीही झोप धड होत नव्हती, पण तक्रार करायला अंगात जोर कुणाला होता? दिवा घालवू का, असं एक विचारायची आणि दुसरी हं म्हणायची. संपला दिवस.

बॅटऱ्या बघायचं काम सासूबाईंनी आपणहून अंगावर घेतलं. तू दमतेस, मी घरातच असते, असं त्या म्हणाल्या. सुनेला तेवढंच बरं वाटलं. नवऱ्याचा फोन आला की तो बॅटऱ्यांचं विचारायचा, आणि ती मागच्या खोलीकडे न बघताच सगळं ठीक आहे म्हणून सांगायची.

एका सुट्टीच्या दुपारी ती जुनी रजई शोधत त्या खोलीत गेली. दार उघडताच ऊब अंगावर आली. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या, कोपऱ्यात छोटा हीटर चालू होता. तिने एका बॅटरीचं बटण दाबलं. सगळे दिवे लागले. दुसरीचे सगळे, तिसरीचेही सगळे. खालच्या फळीवरची एक बॅटरी चार्जरला लावलेली होती. तिचं प्लॅस्टिकचं कवच मधोमध टरारून फुगलं होतं आणि नेलपॉलिशसारखा गोडसर वास येत होता.

नुसतं उभं राहून भागणार नव्हतं. तिने भिंतीवरचं बटण बंद केलं, पिन काढली, हीटर बंद केला. सासूबाईंना हाक मारून मागचं दार उघडायला सांगितलं. कामाचे जाड हातमोजे घालून तिने ती बॅटरी अलगद लोखंडी घमेल्यात ठेवली आणि घमेलं अंगापासून लांब धरून अंगणाच्या पार टोकाला, भिंतीपासून दूर नेऊन ठेवलं. दारापर्यंत परत येते न येते तोच मागे सुस्कारा सोडल्यासारखा आवाज झाला. पांढरा धूर निघाला, पाठोपाठ जाळ.

अग्निशामक दलाची गाडी आली. त्यांनी पाणी मारलं, उरलेल्या बॅटऱ्या तपासल्या, खिडकी उघडायला लावली. घरात झालं असतं तर काय, असं त्यांच्यातल्या मोठ्या माणसाने दोघींना सुनावलं. दोघी शाळेतल्या मुलींसारख्या खाली मान घालून उभ्या राहिल्या.

माणसं गेल्यावर सून पायरीवरच बसली. रागवायचं तिच्या मनात होतं, पण रागवायलाही ताकद लागते.

"आई, तुम्ही भरल्यात सगळ्या?"

"हो."

"निम्म्याच ठेवायच्या म्हणून तो तुमच्यासमोर सांगून गेला होता ना?"

सासूबाई हळूच शेजारी बसल्या. "मध्येच आला तर तयार असाव्यात म्हणून भरल्या. गारठू नयेत म्हणून हीटर लावला. तयार आहेत म्हटल्यावर राहील, असं वाटलं."

"मध्येच कशाला येईल? थंडी सरली की येणारच आहे की."

"हिवाळ्यापुरता जाणारा माणूस उन्हाळ्याचे शर्ट नेत नाही, बाळ. पेटी मीच भरून दिली. तेव्हाच कळलं मला."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे एवढे दिवस ही बाई शेजारच्या पलंगावर हे पोटात ठेवून पडून राहत होती, आणि सकाळी उठून मुलाच्या बॅटऱ्यांना ऊब देत होती. सुनेला त्यांचा राग आला नाही. आपल्याला कसं दिसलं नाही, एवढंच वाटलं. कदाचित दिसलंही असेल. बघायला सवड नव्हती.

अंधार पडायच्या आत तिने नवऱ्याला फोन लावला. आगीचं सांगितलं. कुणाला काही झालं नाही ना, हे त्याने दोनदा विचारलं. मग तिने सरळच विचारलं, परत येणार आहेस का? पलीकडून भांड्यांचे आवाज येत होते. तो म्हणाला की हॉटेलवाल्यांनी कायमचं घेतलंय, धंद्यात आता राम राहिला नाही, आणि सांगायचं धाडस होत नव्हतं. खोली लहान आहे, पण तुम्ही दोघी या. बॅटऱ्या, सायकली विकून टाक.

"विकायला तू ये," ती म्हणाली. "आणि आईंना तूच सांग. तोंडावर."

तो आला. बारीक झाला होता. आईसमोर बसून त्याने सगळं सांगितलं, मध्येच रडलाही. सासूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. आपल्याला आधीच कळलं होतं, हे मात्र त्यांनी त्याला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचा एक सायकलवाला टेम्पो घेऊन आला आणि सगळं घेऊन गेला. नवऱ्याने निघताना पुन्हा विचारलं, येता ना? बघू, असं सून म्हणाली. तिला खरोखरच माहीत नव्हतं. एवढा मोठा विचार करायचा तर आधी नीट झोप व्हायला हवी होती.

मागची खोली मोकळी झाली. सुनेने ती झाडून, पुसून दिली. पलंग तिकडे हलवू का, असं तिने विचारलं. सासूबाई जराशा अडखळल्या.

"तुला माझ्या खोकल्याचा त्रास होत असेल."

"होतो," सून म्हणाली. "राहू दे पण."

तिने अंथरूण घातलं. सासूबाईंनी उद्या कामाची पाळी कधीची आहे ते विचारलं. सकाळची, म्हणून तिने सांगितलं, आणि पाठ टेकताच तिचा डोळा लागला. सासूबाईंनी दिवा घालवला.