बाबांच्या दोन ओळी

शहराला पाणी सोडणारा प्रोग्राम बाबांनी तीस वर्षं सांभाळला. निवृत्तीनंतरही ऑफिसात काही अडलं की बाबाच घरी बसून दुरुस्ती करायचे. मग त्यांची स्मृती दगा द्यायला लागली. त्यांच्या एका दुरुस्तीने अर्धं शहर दिवसभर कोरडं राहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना ते आठवतही नव्हतं. ऑफिसात त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते, त्यामुळे बोलणी मी खाल्ली.

काम काढून घेतलं असतं तर ते खचले असते. म्हणून मी लबाडी केली. त्यांच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम ज्यात उघडून दुरुस्त करतात, तो एडिटर मी ‘नक्कल’ नावाच्या ऑप्शनने सुरू होईल असा करून ठेवला. म्हणजे समोर यायची ती खऱ्या फाइलची नुसती प्रत. बाबा दिवसभर मान मोडून काम करायचे, संध्याकाळी मी ती प्रत न बघताच पुसून टाकायचे आणि सकाळी नवी ठेवायचे. त्यांना पत्ताही लागत नाही अशी माझी समजूत होती. स्वतःला फार शहाणी समजायचे मी.

मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनीच शिकवलं होतं, की एडिटर विचित्र वागला तर त्याच्याशी भांडत बसू नये, आधी ‘तुला सुरू कसं केलं?’ असं त्यालाच विचारावं. त्यासाठी त्यांनी एडिटरच्याच भाषेत दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिली होती. ती चालवली की सुरू करताना दिलेले सगळे ऑप्शन यादीने समोर येत. ही स्क्रिप्ट माझ्या डोक्यातून साफ गेली होती. त्यांच्या नाही.

परवा पुसताना प्रत चुकून उघडली गेली. तळाशी ती यादी होती, यादीत ‘नक्कल’ होतं, आणि खाली बाबांनी लिहिलं होतं: ‘ठमे, कळलं मला. योग्य केलंस. उद्या मी हे विसरेन, तेव्हा उद्याही नक्कलच दे.’

चार महिने मी न वाचता पुसत होते. मला माझीच किळस आली.

काल रजा काढून मी त्यांच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले. अकराच्या सुमाराला बाबा थबकले. स्क्रिप्ट चालवली, यादी वाचली, चष्मा काढून ठेवला. बराच वेळ हात मांडीवर टाकून बसले. मग एकेक अक्षर शोधत टाइप करायला लागले. मी मान वर केली नाही. संध्याकाळी वाचलं तर जवळजवळ तेच शब्द होते. हे त्यांना रोज नव्याने सोसायला लावणं मला जमेना. त्यांच्या दोन ओळींखाली मी तिसरी घातली: यादी दाखवताना ‘नक्कल’ गाळायचं.

आजही मी रजा काढून तिथेच बसले होते. अकराला त्यांनी एडिटरला विचारलं. यादी वाचली आणि माझ्याकडे वळून हसले.

“उगाच शंका आली होती गं ठमे. सगळं ठीक आहे.”

दिवसभर ते खुशीत होते. आता संध्याकाळ झाली आहे. मी प्रत उघडून शेवटपर्यंत गेले, मग पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली. माझ्यासाठी काहीच नव्हतं. मी ती पुसून टाकली.