गाळा झाडायला

पंचवटीत भाजीबाजाराच्या तोंडाशी खंडेरावांचा एक गाळा होता. मखमलाबादच्या मळ्यात सलग तीन वर्षं टोमॅटोनं साथ दिली, तेव्हा त्यांनी तो घेतला आणि यादव नावाच्या माणसाला कॅसेटच्या दुकानासाठी भाड्यानं दिला. पुढं लोक सीडी घ्यायला लागले. दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर यादवनं दुकान आवरलं आणि तो मेहुण्याच्या धंद्यात सुरतला निघून गेला.

तेव्हापासून घरात जेवायला बसलं की एकच विषय निघे. गाळ्यात काय टाकायचं?

खंडेरावांना बी-बियाणं आणि औषधांचं दुकान हवं होतं. मुलगा वाल्मीक म्हणे, मोबाईलचं. आणि सिडकोत राहणारा पुतण्या भिकन दर रविवारी येऊन सायबर कॅफेचं गणित मांडून जाई.

"सहा कॉम्प्युटर टाकू, नाना. पोरं रांग लावतील."

"आन् करतील काय?"

"चॅटिंग."

"म्हंजे?"

"गप्पा मारतात. एकमेकांशी."

"गप्पा मारायला पारावर कोन पैशे घेतं का?" खंडेराव म्हणाले, आणि त्या रविवारचं बोलणं तिथंच संपलं.

असं करत संक्रांत आली तरी शटर खालीच. अधूनमधून कुणी ना कुणी गाळा बघायला येई, म्हणून तो झाडूनपुसून ठेवायचं काम सून उज्वलाकडे आलं. तसंही ती आणि सासू नवसाबाई रोज पहाटे टेम्पोतून मेथी-पालक घेऊन बाजारात यायच्याच. गाळ्यापासून वीस पावलांवर गोणपाट टाकून बसायच्या आणि माल संपेपर्यंत, म्हणजे दुपारी दोन-अडीचपर्यंत उठायच्या नाहीत.

गाळ्याच्या मागं एक छोटी खोली होती. तिच्यात नळ, मोरी आणि कडीचा संडास. यादवनं स्वतःसाठी बांधून घेतलेला. पहिल्याच दिवशी उज्वला झाडायला म्हणून गेली ती जरा वेळानं परत आली, आणि आल्याआल्या अर्धा तांब्या पाणी प्याली. शेजारी झेंडूचे हार घेऊन बसणाऱ्या चतुराबाईनं ते पाहिलं. बाजारात बायका सकाळी असं पाणी पीत नसत.

दुसऱ्या दिवशी उज्वला उठली, तशी चतुराबाई हळूच म्हणाली, "पोरी, एकटी किती झाडशील? मी येते मदतीला."

उज्वलानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसून किल्ली तिच्या हातात ठेवली.

आठवड्याभरात कांद्यावाली आली, गवारवाली आली, समोरच्या साडीच्या दुकानातल्या दोन मुली आल्या. "जरा गाळा झाडून येते," एवढंच म्हणायचं. कुणी फिनेल आणून ठेवलं, कुणी साबणाची वडी, कुणी बादली. किल्ली मेथीच्या जुड्यांखाली असे आणि ती कुणी मागायची गरजही उरली नाही.

"आपला गाळा लय चकचकीत राहतो आजकाल," एकदा खंडेराव घरी कौतुकानं म्हणाले. नवसाबाईंनी मान खाली घालून भाकरी थापली.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी खंडेराव भिकनला घेऊन न सांगता आले. भिकनच्या हातात मोजायची टेप होती. शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेले तर भिंतीला टेकून अकरा बायका ओळीनं उभ्या होत्या. पहिलीच्या हातात केरसुणी होती.

"काय चाललंय?" खंडेरावांनी विचारलं.

चतुराबाई म्हणाली, "गाळा झाडतोय."

"अकरा जनी?"

"मोठा हे गाळा."

गाळा दहा बाय चौदाचा होता. तेवढ्यात मागून पाणी ओतल्याचा आवाज झाला, कडी वाजली आणि कांद्यावाली पदराला हात पुसत बाहेर आली. भिकन छताकडं बघायला लागला.

खंडेराव बाहेर पडले. दुपारी टेम्पोत बसताना त्यांनी उज्वलापुढं हात केला. "किल्ली दे. भाड्यानं द्यायची जागा हे ती. आन् मला कुनी सांगायचं नाय?"

उज्वलानं किल्ली दिली. टेम्पो मखमलाबादच्या रस्त्याला लागला. मग नवसाबाई बोलल्या. त्या नवऱ्यापुढं फारसं बोलत नसत.

"आहो, बाजारात संगं बसायचे तवा तुमी मला रोज च्या पाजायला बघायचे. आठवतं?"

"तू कुठं प्यायची? तुला आवडत नाय बाजारातला च्या."

"कोन म्हनलं?"

"तूच नको म्हनायची. तीस वर्सं."

"प्याले असते तर मग जाऊ कुठं?" नवसाबाई म्हणाल्या. "घरून निघताना पानीसुदिक पीत नव्हते मी. उन्हाळ्यात जीभ टाळूला चिकटायची. सगळ्याच बायका तशाच बसायच्या. तुमी पुरुष मानसं, भिंतीआड जाऊन यायचे."

खंडेरावांना त्या तीस वर्षांतले कितीतरी कप आठवले. तिनं नको म्हटलं की ते स्वतःच दुसराही पिऊन टाकत. मळ्याच्या वळणावर उतरताना त्यांनी किल्ली उज्वलाच्या हातात परत दिली.

"काय करायचं म्हनतेस तिथं?" त्यांनी विचारलं.

उज्वलाच्या मनात ते महिनाभर तयारच होतं. "पुढं चहा आणि पोहे, नाना. बसायला दोन बाकडी. मागची खोली फक्त बायकांसाठी, चहा घेवो न घेवो. मी आणि चतुराबाई बघू."

वाल्मीकला ते पटलं नाही. "लोक हसतील. म्हणतील, एवढ्या मोक्याच्या जागेवर यांनी संडास काढला."

"म्हनू दे," खंडेराव म्हणाले. "बियान्याची दुकानं नाशकात शंभर हाईत."

भिकननं मात्र मनावर घेतलं. त्याचा एक मित्र टाइल्सचं काम करायचा. टेप होतीच, दुसऱ्या दिवशी त्यानं मागची खोली मोजली आणि दोन संडास बसतील असं दाखवून दिलं. पाडव्याला दुकान उघडलं. पुरुष पहिले काही दिवस लांबूनच बघत होते. पण उज्वला आलं ठेचून घालायची, आणि तो वास बाजारभर जायचा. महिन्याभरात हमालही बाकड्यावर दिसू लागले. साडीच्या दुकानातल्या मुलींनी मागितलं म्हणून एका बरणीत सेफ्टी पिना आल्या, मग कागदात गुंडाळलेले पॅड आले. ते मागायला कुणाला लाजावं लागत नसे, कारण गल्ल्यावर नवसाबाई असत.

श्रावणातल्या सोमवारी पंचवटीत पाय ठेवायला जागा नव्हती. सुरगाण्याकडून जीपा भरभरून बायका दर्शनाला आल्या होत्या. गाळ्यापुढची रांग चौकापर्यंत गेली आणि दहाच्या सुमाराला नळाचं पाणी गेलं. उज्वलानं मळ्यावर फोन केला.

खंडेरावांनी टेम्पोवर पाचशे लिटरची टाकी चढवली आणि स्वतः निघाले. बाजाराच्या अलीकडं पोलिसांनी बांबू आडवे बांधले होते. तिथं एक महिला हवालदार उभी होती.

"गाडी पुढं जाणार नाही, बाबा. काय आहे टाकीत?"

"पानी हे."

"कुठं चाललंय?"

खंडेराव एक क्षण अडखळले. मग म्हणाले, "बायांच्या संडासाला. आमचाच गाळा हे, बाजाराच्या तोंडाला."

हवालदारबाईंनी टाकीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "पहाटे चारपासून उभी आहे मी इथं," त्या म्हणाल्या. "नक्की कुठला गाळा?"

खंडेरावांनी हात करून दाखवला. हवालदारबाईंनी दोरी सोडली, बांबू उचलला आणि शिट्टी वाजवून गर्दीतून टेम्पोला वाट करून दिली.

पाण्याच्या तिसऱ्या बादलीला हवालदारबाई स्वतः आल्या, बरोबर आणखी दोघी वर्दीतल्या. खंडेरावांनी बादली नवसाबाईंच्या हातात दिली आणि बाकड्यावरच्या माणसांना म्हणाले, "उठा रे जरा. यांना बसू द्या."