बाहेरचं काम

कंपनीच्या गॅरेजच्या मॅनेजरने गाडीत डोकं घातलं, स्टिअरिंगखालचा लोखंडी दांडा दोन बोटांनी हलवून पाहिला आणि डोकं बाहेर काढलं.

"हे बाहेरचं काम आहे, मॅडम. वॉरंटी गेली."

दोघी बहिणींतल्या थोरलीने कुबडी काखेत नीट बसवली. बोलणं लांबणार होतं. अपघातानंतर तिचा उजवा पाय नावापुरता उरला होता. हा दांडा दाबला की ब्रेक लागायचा, ओढला की गाडी पळायची. त्याच्या जिवावर ती एकटी कामावर जायची, बाजार करायची, मनाला येईल तिथे भटकायची. गेल्या आठवड्यात स्टिअरिंग एकाएकी जड झालं आणि गाडी इथे ओढून आणावी लागली.

"बिघडलीय स्टिअरिंगची मोटर. दांडा जोडलाय पेडलला," ती म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला?"

"कंपनीचा नियम आहे."

धाकट्या बहिणीने तिची बाही ओढली. "ताई, काढून टाकू ना तो दांडा. मी आहे की तुला सोडायला-आणायला."

दांडा बसवण्याआधी धाकटीनेच तिला सगळीकडे नेलं होतं. हौसेने नेलं होतं, कधी कपाळाला आठी नाही. पण कुठे जायचं, कशाला जायचं, परत कधी यायचं, हे दर वेळी सांगावं लागे. जिवाभावाच्या माणसाकडेसुद्धा रोज परवानगी मागायचा थोरलीला वीट आला होता.

"काढा," ती मॅनेजरला म्हणाली. धाकटीचा चेहरा खुलला. "काढा आणि इंजिन चालू करून स्टिअरिंग फिरवून बघा. हलकं झालं तर सगळा खर्च माझा. जडच राहिलं तर मोटर तुम्ही बदलायची."

मॅनेजरचा आपल्या नियमावर भारी भरवसा. त्याने दांडा काढायला लावला आणि स्वतः सीटवर बसून स्टिअरिंगशी झटू लागला. त्याची कानशिलं लाल झाली, चाकं मात्र जेमतेम हलली. गॅरेजमधली माणसं हातातली कामं टाकून बघत होती. आता शब्द फिरवायचीही सोय उरली नाही.

दुपारी नवी मोटर बसली, वॉरंटीतच. थोरलीने मागच्या सीटवर टाकलेल्या दांड्याकडे बोट केलं.

"तेवढा बसवून द्या."

"ते मात्र जमणार नाही. बाहेरचं काम आम्ही बसवत नाही." आवाज नरम होता, पण गडी हलणारा नव्हता. "बहीण आहे ना सोबत? त्या नेतील गाडी."

धाकटीने किल्ली घेतलीसुद्धा होती.

"पाना तरी द्याल," थोरली म्हणाली, "की तोही नियमात बसत नाही?"

पाना मिळाला. पण पेडलपाशी पोचायचं तर गुडघ्यांवर बसून आत शिरायला हवं, आणि ते तिच्या पायाला झेपणारं नव्हतं. तिने पाना धाकटीपुढे धरला. धाकटीने तो घेतला नाही.

"मला आवडायचं गं, तुला घेऊन फिरायला."

"माहितेय," थोरली म्हणाली. "मला नाही आवडायचं."

धाकटीने बाह्या दुमडल्या, पाना घेतला आणि तेलकट फरशीवर गुडघे टेकून ती आत शिरली. थोरली वरून सांगत गेली, आधी ब्रेकचा बोल्ट, मग दुसरा.

"आवळलास?"

"आवळला."

थोरलीने दांडा दाबला, ओढला, पुन्हा दाबला. कुठे जराही ढिला लागला नाही.

"झालं. ये बाहेर."

"थांब गं," आतून आवाज आला. "बोल्ट अजून अर्धा आटा फिरतोय."