जीव घाबरा

आमच्या खोलीत भर दुपारीही अंधार असतो. पडदे ओढायचे, पंखा बारीक करायचा आणि भिंतीवर हृदयं सोडायची. अँजिओग्राफीच्या काळ्यापांढऱ्या फितीत औषधाचा रंग नळ्यांमधून धावतो, फांद्या उमलतात आणि विरून जातात. बघता बघता माणूस गुंगतो. मी तर कधी कधी पाण्याखाली बसल्यासारखी श्वास जपून घेते.

काम मात्र झोपाळू नाही. पन्नाशीच्या आतल्या बायकांना हार्ट अटॅक आला, तर तो नेमका कशामुळे, हे आम्ही ठरवतो. नळी चोंदली, की तिचं आतलं अस्तर फाटलं, की अंगात रक्तच कमी होतं? काहीच सापडलं नाही तर 'मनाचा ताण'. हा शेवटचा कप्पा माझ्या डोक्यात जातो. बाईचं काही कळेना, की ढकला मनावर!

फितीवर नाव नसतं. तरी त्या दुपारी एक फीत सुरू झाली आणि मी ताडकन उठले. सकाळीच काचेमागे उभं राहून मी ती पाहिली होती.

"ही माझी धाकटी बहीण," मी म्हणाले.

कालपासून ती वरच्या मजल्यावर होती. गेली काही वर्षं ती बाळाची वाट बघतेय, आणि छातीला वायरी लावलेल्या असतानाही तिला एकच काळजी होती, आता त्याचं कसं होणार.

आमच्या मोठ्या डॉक्टरांना सगळे आजोबा म्हणतात. त्यांनी चष्मा वर सरकवला. "मग तू तोंडाला कुलूप लाव. घरच्या माणसाचा निकाल आपण द्यायचा नाही."

मी परत खाली बसले. फांद्या उमलल्या, विरल्या. माझ्या फ्रॉकचं टोक धरून चालणारी एवढीशी ती मला दिसायला लागली. तेव्हाही तिच्या छातीत हे झाड असंच हलत असणार.

"गुठळी नाही, चोंदलेलं काही नाही," आजोबा पुटपुटले. "आणि इथे लिहिलंय, फार भीती वाटत होती. मनाचा ताण. उद्या घरी."

कुलूप तुटलं. "भीती? ती म्हणाली, जीव घाबरा होतोय! मी शेजारी उभी होते. लिहिणाऱ्याने त्याची भीती करून टाकली. जीव घाबरा होतो तेव्हा माणूस घाबरलेला नसतो, आजोबा! हवा पुरत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते. तुमच्या आईच्या तोंडून कधी ऐकलं नाहीत?"

"ऐकलंय," ते म्हणाले आणि फीत मागे नेली. पुन्हा पाहिली, परत मागे नेली. मग त्यांचं बोट एका फांदीवर थांबलं. तिथे नळी एकाएकी बारीक होऊन टोकापर्यंत तशीच गुळगुळीत गेली होती. कोटाचं अस्तर उसवलं की हात बाहीऐवजी मधेच शिरतो ना, तसं रक्त दोन थरांमध्ये शिरलं होतं.

"अस्तर फाटलंय," आजोबा म्हणाले. "बरं झालं बोललीस."

मला हायसं वाटलं, पण क्षणभरच. या कप्प्याबरोबर काय येतं ते मला पाठ होतं.

वर उजेडच उजेड होता. धाकटी उशीला टेकून बसली होती. मी तिला सगळं समजावलं. अस्तर बहुतेक वेळा आपलं आपण जुळतं, फक्त धीर धरायचा, आम्ही लक्ष ठेवू.

"म्हणजे रफू नको," ती हसली. "आणि बाळ?"

पडदा फुगला आणि खाली बसला.

"गरोदरपणात ते पुन्हा फाटू शकतं. आम्ही नको म्हणतो."

"आणि नुसता मनाचा ताण असता तर?"

"तर इतकं अडवलं नसतं."

"मग तेच लिहा ना, ताई."

"मला तू हवी आहेस गं," मी म्हणाले. मी तिचा हात धरला.

तिने माझ्या हातातला हात सोडवून घेतला नाही. तोंड मात्र भिंतीकडे केलं.