द्राक्षाचा चोथा दळताना

सकाळी नळाचे पाणी येऊन गेले. पंचफुलाबाईंनी हंडा झाकला, चहाचे पातेले ओट्यावरून उतरवले, माझी वायर कोरड्या फडक्याने पुसली आणि मुलीला हाक मारली. ज्योत्स्नाने पिशवीतला कडक वाळलेला, काळपट जांभळा चोथा माझ्या भांड्यात ओतला. मित्रांनो, मी नांदेडच्या या स्वयंपाकघरातला एक जुना मिक्सर आहे, आणि आपण नेमके काय दळतो आहोत हे मला अजून नीट उमगलेले नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा माझे पाते लखलखीत होते. शेंगदाण्याची चटणी मी अशी बारीक करी की पंचफुलाबाईंचे पती व्यंकटराव ताट पुसून खात. पुढे नवा मिक्सर आला आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो. ज्योत्स्ना अन्नतंत्रज्ञानात संशोधन करते. तिच्या प्रयोगशाळेतले दळणयंत्र बिघडले, म्हणून मला पुन्हा खाली आणले.

वाईन गाळून उरलेल्या द्राक्षांच्या साली आणि बिया म्हणजे हा चोथा. त्यात पॉलिफेनॉल नावाची द्रव्ये असतात, असे ज्योत्स्नाने आईला सांगितले. ती कशाला उपयोगी, असे आईने विचारले, तेव्हा ती घाईत म्हणाली, "याचं बीपीवर काम चालू हाय."

त्या दिवसापासून रक्तदाबाचा त्रास असलेल्या पंचफुलाबाई उरलेली भुकटी डब्यातून घेऊन चमचाभर कोमट पाण्यात टाकू लागल्या. व्यंकटरावांनी ते पाहिले.

"विहारात पंचशील घेती, अन् घरी दारूचा चोथा खाती व्हय?"

त्या बिचकल्या. वाळल्यावर यात नशा राहते का, एवढेच त्यांनी मुलीला विचारले. राहत नाही म्हटल्यावर त्यांचे मन निवळले. माझे मात्र निवळले नाही. कचरा, दारू की औषध? माझ्या पात्याला सगळे सारखेच तुरट लागत होते.

मग एकदा भाजी चिरता चिरता पंचफुलाबाई ओटा धरून खाली बसल्या. दवाखान्यात रक्तदाब फार वाढलेला निघाला. घरी आल्यावर ज्योत्स्नाने त्यांना रक्तदाबाच्या रोजच्या गोळीविषयी विचारले.

"सोडली की. याचं बीपीवर काम चालू हाय, तूच म्हनलीस न्हाई का? मग दोन-दोन कशाला?"

ज्योत्स्ना आईशेजारी बसली. "आई, काम माझं चालू हाय. भुकटीचं न्हाई."

तिने सावकाश समजावले. काही प्रयोगांत काही माणसांचा रक्तदाब थोडा उतरलेला दिसतो, काहींत दिसत नाही. किती घ्यावी, कुणी घ्यावी, पोटातून रक्तात किती जाते, हे अजून ठरायचे आहे. गोळीची जागा ती घेऊ शकत नाही. व्यंकटराव त्या वेळी थट्टा करायचे विसरले.

मित्रांनो, मी अजूनही गोंधळलेलाच आहे. ही भुकटी चांगली की वाईट, ते मला सांगता येणार नाही. तुम्ही आम्हा यंत्रांना धुवून-पुसून ठेवता, तेवढीच निगा ऐकलेल्या शब्दाचीही राखा. अर्धा कळलेला शब्द गिळण्याआधी पुन्हा एकदा विचारा.

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना अंघोळीला गेली, तेव्हा पंचफुलाबाईंनी भुकटीचा डबा तिच्या कॉलेजच्या पिशवीत तळाशी ठेवला आणि चेन ओढून घेतली. मग फळीवरच्या पाकिटातली गोळी काढली, घोटभर पाण्याबरोबर घेतली आणि पेला पालथा घातला.