राबातलं चार पायांचं पान

मी वाळकं पान बोलतोय.

फसलात! अहो, पानं कधी बोलतात का? मी फुलपाखरू. आमचं कूळ आफ्रिकेतल्या दाट जंगलातलं; सहातले पुढचे दोन पाय छातीशी आखडलेले, म्हणून दिसतात चारच. पंख मिटले की हुबेहूब सुकलेलं पान. देठ, शिरा, कुजल्याचे डागसुद्धा. उघडले की आत जांभळं-तांबडं. माझी सगळी गंमत या मिटण्या-उघडण्यात.

कोषात झोपलो होतो, तेव्हाच मला खोक्यात भरून विमानानं आणलं. भिवपुरीजवळच्या एका फार्महाऊसच्या मालकाला काचघरात परदेशी फुलपाखरं हवी होती. पाहुणे मोबाईल रोखून यायचे, मी मिटून बसायचो. "काहीच नाहीये यार इथं!" म्हणत ते वळले, की मागे फडफड! शेवटी राखणदार निलेशनं मला खरंच पान समजून केरात काढलं न् कुंपणाबाहेर फेकलं. सुटलो!

मग शेजारच्या शेतात माझंच राज्य. मोहाची सडकी फुलं चोखायची, तर्र व्हायचं, माणसांना छळायचं.

पावसाआधी इथली माणसं भाताच्या रोपांची जागा भाजून घेतात. शेण, त्यावर पाला, वर माती. त्याला राब म्हणतात. काल गोदूबाई पाला गोळा करत होती. तिनं मला उचललं, मी तिच्या नाकासमोर फाडकन उघडलो.

"आगं आवडे, पान उडालं गं!"

सून आवडी पोट धरून हसली. "आत्याबाय, फुलपाखरू हाय ते!"

"मला शिकवतेस व्हय? भुताटकी हाय ही. आठ दिस कशाला थांबायचं? उद्याच राब भाजू, त्या पानासकट!"

मी तर हसून हसून लोळलो. त्या आनंदात जरा जास्तच प्यालो, न् पाल्याच्या ढिगातच झोपलो.

जाग आली ती राबात. अंगावर पाला, वर माती. शेणानं पंख एकमेकांना चिकटलेले. उघडत नाहीत.

काडी ओढल्याचा आवाज आलाय. राब वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवतात, म्हणजे आग सावकाश सरकते. म्हणून तर तुमच्याशी बोलायला वेळ मिळाला.

पाल्याच्या फटीतून दिसतंय, आवडी बांधावर उभी आहे, आग भलतीकडे सरकली तर झोडपायला हातात ओली फांदी. आवडे, तू एकटीनं मला ओळखलंस. इकडचा कोपरा एकदा ढवळ गं!

ढवळला. वाकली. माझ्याकडेच बघतेय.

"निस्ता पालाच हाय, आत्याबाय."

नीट बघ गं आवडे. या पानाला चार पाय आहेत. आज मस्करी नाही करत.