हिरीबाईच्या खोलीचं दार

दुष्काळ सरला, त्यानंतर दोन बरी पिकं घरात आली, तेव्हा कुठं शेषरावानं कामरगावात घर बांधायचं मनावर घेतलं. तो एस.टी.त कंडक्टर. ड्यूटी लागेल तिकडं जायचा आणि घरी यायचा तो पाहुण्यासारखा. म्हणून पहिल्याच दिवशी त्यानं बायकोला सांगून टाकलं, "भागिरथा, मी फक्की मारून देतो. पुढचं समदं तुलेच पाहा लागते."

पांढऱ्या फक्कीनं त्यानं मोकळ्या जागेवर रेघा ओढल्या. समोर बैठक, मध्ये मोठी खोली, मागं स्वयंपाकघर. मधल्या खोलीच्या डाव्या अंगाला एक लहानशी चौकोनी जागा उरली. "हे धान्याची कोठी," तो म्हणाला.

भागिरथा पदर खोचून त्या चौकोनात जाऊन उभी राहिली. "कोठी नाई. हे बाईची खोली. धान्य बैठकीत कणगी लावून ठेवू. पण बाईले खोली पायजे, अन् खोलीले दार पायजे."

बाई म्हणजे हिरीबाई, शेषरावाची थोरली बहीण.  हातातली फक्की संपली नव्हती, तरी शेषराव पाटी झटकत बसला.

हिरीबाई ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतली होती. भागिरथा लग्न होऊन आली तेव्हा घर म्हणजे एक लांब खोली आणि पुढं छपरी. सासू-सासरे, दोन दीर, नवरा, सगळे त्यातच. आतलं दार म्हणून घरात नव्हतंच. भागिरथेचं पहिलं बाळंतपण भर उन्हाळ्यात आलं, तेव्हा हिरीबाईनं स्वतःचं चांगलं लुगडं दोरीवर टाकून खोलीचा एक कोपरा आडवला आणि बाहेर सांगून टाकलं, "लुगड्याच्या पलीकडं कोनी पाय टाकायचा नाई. बाप असो का भाऊ." बाळंतीण उठेपर्यंत ते लुगडं तिथून हाललं नाही. हिरीबाईकडं लुगडी दोनच होती. उरलेलं एक ती सकाळी धुवायची आणि अर्धं ओलं असतानाच नेसून कामाला जायची. भागिरथेला हे कळलं ते फार उशिरा, आणि कळल्यापासून ती ते मनातून काढू शकली नव्हती. हिरीबाई स्वतः मात्र कुठंही निजायची. पाहुणे आले की छपरीत, पाऊस लागला की चुलीपाशी. न्हायची ती पहाटे, अंगावरच्या कपड्यानिशी, दोन खाटा उभ्या करून.

शेताच्या धुऱ्यावरचा एक निंब दुष्काळात वाळून गेला होता. त्याच्या लाकडाच्या चौकटी करायचं ठरलं. सुतार देवमन गावातलाच, कमी बोलणारा. त्यानं अंगणात बस्तान मांडलं आणि आठवडाभर रंध्याची सरसर ऐकू येत राहिली. भागिरथा शेतातून आली की त्याच्यापाशी बसायची. आतल्या दारांची उंची तिनं स्वतः उभं राहून, डोक्यावर घागर धरून मापून दिली. "घागर घेऊन वाकायले नाई लागलं पायजे," एवढंच तिचं म्हणणं. हिरीबाईच्या दाराला उंबरठा बसका करायला लावला, कारण अलीकडं तिचा गुडघा दुखायचा.

"अन् कवाड खोलीच्या आत उघडलं पायजे," भागिरथेनं बजावलं. "कडी आतून."

देवमननं मान हलवली. चौकटीच्या एका अंगाला खाच असते, तिच्यात कवाड बसतं. खाच ज्या अंगाला, कवाड त्या अंगाला उघडतं, आणि कडीही तिकडंच लागते. एवढं भागिरथा आता शिकली होती.

मिस्त्री होता सोमला, जवळच्या तांड्यावरचा, हाताला मोठा झपाटा असलेला. ज्या दिवशी आतल्या चौकटी उभ्या करायच्या होत्या, नेमकी त्याच दिवशी भागिरथा तुरी सोंगायला शेतात गेली. देवमनही दुसऱ्या गावी गेलेला. दुपार कलल्यावर ती परतली तेव्हा चौकटी टेकू लावून उभ्या होत्या, दोन्ही बाजूंनी विटांचं काम कमरेइतकं वर आलं होतं. ओळंबा लावून पाहिलं तर तसूभर फरक नाही. भागिरथेला इतकं बरं वाटलं की ती एकेका दारातून उगाच आतबाहेर करून आली.

हिरीबाईच्या दारात मात्र ती थबकली. तिनं हात पुढं करून, नसलेलं कवाड आत ढकलून पाहिलं. मग चौकटीला बोटं लावली. खाच मधल्या खोलीच्या अंगाला होती. कवाड बाहेर उघडणार आणि कडी बाहेरून लागणार.

"सोमलाभाऊ, हे उलटी बसली."

सोमलानं थापी ठेवली. "उलटी कायले? कोठीले कडी बाहीरूनच असते ना, वयनी. आतून कोन लावन? जोंधळे?"

"कोठी नाई होय ते. मानसाची खोली हाय."

सोमलानं जीभ चावली. तरी त्यानं भिंतीकडं हात केला. "येवढं काम झालं, वयनी. आतल्या दाराले कोन पायते? बाहीरून कडी लावली काय, आतून लावली काय. काढाची म्हनलं तं दोन्ही बाजू उतरवा लागन."

विटा भिजवत बसलेली हिरीबाई उठून आली. काय झालं ते कळल्यावर ती हसली. "राहू दे व, भागिरथा. मले कोन्या चोराचं भेव हाय? आतून कडी लावाले मी काय राणी हाय का? बाहीर उघडते तं उघडू दे."

भागिरथा चौकटीला धरून उभी राहिली. दिवसभराच्या कामानं पाठ मोडली होती. ती म्हणाली असती 'जाऊ द्या', तर कोणीही नावं ठेवली नसती. शेषरावाला तर कळलंही नसतं.

"बाई," ती म्हणाली, "माह्या टायमाले तुमी दोरीवर लुगडं टाकलं, तवा कोनाले इचारलं होतं का?"

हिरीबाईचा हसरा चेहरा एकाएकी उतरला. "ते कायले काढून राह्यली आता?"

"काढाचं नवतं. पन मंग तुमी राहू दे म्हनू नका."

एवढं बोलून तिनं वरची वीट धरली आणि हलवून काढली. विटांमधला मातीचा गारा अजून ओला होता, वीट सुटून आली. दुसरी काढली. सोमला क्षणभर पाहत राहिला, मग "सरका, वयनी, टेकू निसटन" म्हणत पुढं झाला. तिनं वीट द्यायची, हिरीबाईनं ती खरवडून रचायची.  एकदा वीट घेताना हिरीबाईनं भागिरथेचं मनगट धरलं, आणि धरूनच राहिली. मग सोडून खाली मान घालून पुन्हा गारा खरवडू लागली.

दिवस मावळायच्या आत चौकट फिरवून पुन्हा उभी झाली. दुसऱ्या दिवशी देवमन आला, त्यानं गुण्या लावून कोपरे तपासले आणि सोमलाला तंबाखू दिली. सोमला भागिरथेकडं बोट दाखवून म्हणाला, "मिस्त्री मी नाई, हे हायेत." पण त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पुढं आतल्या प्रत्येक कामाच्या आधी तो तिला हाक मारू लागला, "वयनी, पाहून घ्या."

घर सारवून झालं, कवाडं चढली, बैठकीत बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर लागली. शेजारपाजारची माणसं जेवून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी भागिरथा भांडी घासत असताना हिरीबाईनं चुलीवरून ऊन पाण्याची बादली उचलली, आपल्या खोलीतल्या मोरीपाशी नेली आणि दार लावून घेतलं. कडी पडल्याचा आवाज आला.

बराच वेळ झाला. शेषराव ड्यूटीवरून आला, टोपी काढत म्हणाला, "बाई कुठं गेली?"

भागिरथेनं दाराकडं मान केली.

"काहून? बरं नाई का तिले?"

"बरं हाय. बसा तुमी. मी चहा ठेवते."

शेषराव बसला. आतून तांब्याचा आवाज येत होता, अधूनमधून गुणगुणल्यासारखं काहीतरी. बहिणीला गाता येतं हे त्याला माहीत नव्हतं. बंद दाराकडं पाहता पाहता त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

दार उघडलं तेव्हा हिरीबाईचे केस मोकळे होते, ओले, कमरेच्या खाली आलेले, निम्मे पांढरे. इतकी वर्षं एका घरात काढूनही भागिरथेनं ते कधी सुटलेले पाहिले नव्हते. हिरीबाई भावाला पाहून जराशी लाजली, पण तिनं पदर डोक्यावर ओढला नाही.

"तेल हाय का व?" तिनं विचारलं. "मले मागून हात पुरत नाई."

भागिरथेनं पदराला हात पुसले, तेलाची वाटी घेतली आणि तिच्यामागं जाऊन बसली. चहा चुलीवर उकळत राहिला.